आतड्यांतले जिवाणू आणि एमएस: नाशिकमधल्या घरांतून येणारे प्रश्न

माझ्या वहिनीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. तिच्यामुळे शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली बरीच कुटुंबं ओळखीची झाली, आणि आता फोनवर पहिला प्रश्न बहुधा पोटाबद्दलच येतो. कुणी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला नातेवाइकांनी कॅप्सूल सुचवलेली असते. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दलचा कोणताही निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलूनच घ्या.

पोटातल्या जिवाणूंचा आणि एमएसचा खरंच संबंध आहे का?

आहे. गेल्या पंधरा वर्षांतलं संशोधन पाहिलं तर याबद्दल फारशी शंका उरत नाही. पण आज या संबंधावर उभा असलेला, सिद्ध झालेला एकही उपचार बाजारात नाही. या दोन वाक्यांमधल्या अंतरात लोकांचे पैसे जातात, आणि काहींच्या तब्येतीचंही नुकसान होतं.

एमएस म्हणजे नेमकं काय होतं?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्याच्या नसेवर हल्ला करते. नसांभोवती मायलिनचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. ते खरवडलं गेलं की संदेश अडखळतात आणि मग एका डोळ्याने अंधुक दिसणं, पाय जड होणं, मुंग्या, तोल जाणं, लघवीला घाई असं काहीही होऊ शकतं. आजार बहुतेकदा २० ते ४० या वयात सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो. जगभरात २८ लाखांहून अधिक लोकांना तो आहे.

पोट कुठे आणि मेंदू कुठे! जिवाणू तिथे पोहोचतात कसे?

जिवाणू स्वतः मेंदूत जात नाहीत. आतड्याच्या भिंतीत आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा असतो. अन्नातून, पाण्यातून रोज काय काय येतं, त्यातलं कुणाला सोडायचं आणि कुणावर तुटून पडायचं हे या पेशी तिथेच शिकतात. शिकलेल्या पेशी मग रक्तातून शरीरभर फिरतात.

त्यातल्या दोन प्रकारांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. टीएच-१७ पेशी दाह वाढवतात, टी-रेग पेशी तो आवरतात. काही जिवाणूंमुळे पहिल्या प्रकाराला जोर येतो. काही जिवाणू आपण खाल्लेला चोथा (न पचणारे तंतू, म्हणजे फायबर) आंबवून ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट अशी छोटी आम्लं तयार करतात, आणि ती दुसऱ्या प्रकाराला बळ देतात. प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅनपासून जिवाणू जे पदार्थ बनवतात, ते थेट मेंदूतल्या आधारपेशींच्या वागण्यावर परिणाम करतात, हेही प्राण्यांमध्ये दिसलं आहे. आतड्यात तयार झालेल्या, आयजीए हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी एमएसच्या अटॅकच्या, म्हणजे लक्षणं उसळण्याच्या काळात मेंदूपर्यंत गेलेल्या आढळल्या आहेत, आणि त्या तिथे बहुधा दाह शमवायला मदत करतात. म्हणजे या वाटेने नुसती भांडणंच जात नाहीत, समजूत घालणारेही जातात.

हे कळलं कसं? कुणी सिद्ध केलं?

सुरुवात उंदरांपासून झाली. २०११ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या हार्टमूट वेकर्ले यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे असे उंदीर होते ज्यांना आपोआप एमएससारखा आजार होतो. तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात, पोटात एकही जिवाणू नसताना वाढवले, तेव्हा ते निरोगी राहिले. नेहमीचे जिवाणू पोटात सोडल्यावर आजार उद्भवला. जनुकं तीच होती, फरक फक्त आतड्यात होता.

पुढचं पाऊल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या शोधल्या की ज्यांत एकाला एमएस आहे आणि दुसऱ्याला नाही. जनुकं जवळपास सारखी आणि बालपणही एकाच घरातलं. २०१७ साली अशा ३४ जोड्यांच्या अभ्यासात दोघांच्या विष्ठेतले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना एमएससारखा आजार जास्त वेळा झाला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सर्जिओ बारान्झिनी यांच्या गटाने ७१ रुग्ण आणि ७१ निरोगी माणसं तपासून याच दिशेचे निष्कर्ष मांडले.

२०२५ मध्ये जर्मन गटाने जुळ्यांच्या ८१ जोड्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. या वेळी काही जोड्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून नमुने घेतले होते. ही जागा महत्त्वाची आहे, कारण विष्ठेत दिसतात ते प्रामुख्याने मोठ्या आतड्यातले जिवाणू, आणि प्रतिकारक पेशींचं बरंच शिक्षण त्याच्या आधी, लहान आतड्यात होतं. त्या नमुन्यांतून आयझेनबर्गिएला टायी आणि लॅक्नोक्लॉस्ट्रिडियम या दोघांवर संशय गेला.

मग माणसांमध्ये कोणते जिवाणू जास्त असतात आणि कोणते कमी?

आतापर्यंतचा भक्कम अभ्यास २०२२ चा आहे. अमेरिका, ब्रिटन, स्पेन आणि अर्जेंटिना इथले ५७६ रुग्ण, आणि तुलनेला त्यांच्याच घरात राहणारी ५७६ निरोगी माणसं. ही निवड शहाणपणाची होती. एकाच छपराखाली राहणारे बहुतेक एकच स्वयंपाक खातात, एकच पाणी पितात, त्यामुळे आहारातल्या फरकाचा गोंधळ कमी होतो.

त्यात रुग्णांमध्ये अ‍ॅकरमॅन्सिया, आयझेनबर्गिएला, हंगाटेला अशा काहींचं प्रमाण जास्त होतं, तर फीकॅलिबॅक्टेरियम आणि ब्लाउशिया कमी होते. फीकॅलिबॅक्टेरियम हा ब्युटिरेट बनवणारा आपला मोठा कामगार, त्यामुळे त्याचं कमी असणं अर्थपूर्ण वाटतं.

पण अ‍ॅकरमॅन्सियाचं कोडं पाहा. रुग्णांमध्ये तो वाढलेला दिसतो, तरी उंदरांना तो दिल्यावर आजार सौम्य झाला आहे. कदाचित तो वाढतो ते शरीर सावरू पाहतंय म्हणून. एखाद्या जिवाणूला सरळ चांगला किंवा वाईट ठरवणाऱ्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवत नाही, त्याचं कारण हेच.

कदाचित एमएसमुळेच पोट बिघडत असेल?

अगदी रास्त शंका, आणि ती संशोधकांनाही सतावते. मज्जारज्जूवर डाग (मायलिन खरवडलं गेलेल्या जागा) असतील तर आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता होते, आणि मळ आत जास्त वेळ राहिला की जिवाणूंची वस्ती बदलते. औषधांमुळेही ती बदलते. शिवाय थकव्यामुळे चालणं-फिरणं कमी होतं, जेवण बदलतं. म्हणजे बाण दोन्ही दिशांना जातो. उंदरांचे प्रयोग सांगतात की जिवाणूंकडून आजाराकडे जाणारा बाणही खरा आहे. माणसात त्याचा वाटा किती, हे अजून मोजता आलेलं नाही.

पण मी तर ऐकलं की एमएस विषाणूमुळे होतो.

एप्स्टीन-बार विषाणू. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. मात्र हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. म्हणजे आणखी काहीतरी जुळून यावं लागतं: जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, आणि बहुधा आतड्यातली परिस्थितीही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भारतात एमएस कमी आहे ना? आपल्या भाजी-भाकरीमुळे का?

युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे हे खरं. भाजी-भाकरीमुळे, हे सिद्ध झालेलं नाही. धान्य आणि डाळी भरपूर खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला जातीचे जिवाणू मुबलक असतात, आणि परदेशातल्या काही अभ्यासांत एमएस रुग्णांमध्ये नेमके तेच कमी दिसले आहेत. थायलंडहून अमेरिकेला गेलेल्या हमोंग आणि कारेन लोकांच्या आतड्यातली ही वस्ती तिकडे गेल्यावर घटत गेली, असा अभ्यास २०१८ मध्ये आला. धागा ओढून पाहावासा वाटतो. पण ऊन, जनुकं, लहानपणीचे संसर्ग हे सगळंही देशागणिक बदलतं. आणि आपल्याकडे एमआरआय उशिरा पोहोचला, त्यामुळे कित्येकांचं निदानच झालं नाही.

पेठ-सुरगाण्याकडच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ ची इंजेक्शनं दिली. चुकलं का?

नाही. बी-१२ च्या कमतरतेतही मुंग्या येतात, तोल जातो, मज्जारज्जूवर परिणाम होतो, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. ती तपासणं योग्यच. दुसरा सारखा दिसणारा आजार म्हणजे एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), यात डोळ्याची नस आणि मज्जारज्जू जोरात सुजतात. त्यासाठी अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची रक्तचाचणी असते. ती महत्त्वाची आहे, कारण एमएसची काही औषधं एनएमओमध्ये त्रास वाढवतात. पोटाचा धागा तिथेही आहे: त्या आजारात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूकडे संशोधकांचं लक्ष आहे.

प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊ का?

माझं मत: स्वतःच्या मनाने नको. छोटे अभ्यास झाले आहेत. इराणमध्ये ६० रुग्णांना १२ आठवडे चार जातींच्या जिवाणूंची कॅप्सूल दिली, तेव्हा काही मोजमापांत थोडी सुधारणा दिसली. पण १२ आठवडे म्हणजे एमएसच्या हिशेबात काहीच नाही. अटॅक कमी होतात का, एमआरआयवर नवे डाग थांबतात का, हे पाहायला मोठ्या संख्येने माणसं आणि काही वर्षं लागतात. तसा पुरावा अजून नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत जिवाणूंची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

प्रोपिओनेटच्या गोळ्यांबद्दलही विचारलं जातं. जर्मनीत बोखुम इथल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं की रुग्णांना रोज एक ग्रॅम प्रोपिओनिक आम्ल दिल्यावर टी-रेग पेशी वाढल्या, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये अटॅक कमी झाले. आशादायक आहे. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिलं होतं, हे मात्र व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आणि घरचं दही, ताक?

पचत असेल तर जरूर. ते अन्न आहे, औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नका. उघड्यावरचं, शिळं, कच्च्या दुधाचं मात्र टाळा, विशेषतः रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब, फिंगोलिमॉड यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असताना.

मग जेवायचं काय? नेमकं सांगा.

एमएस बरा करणारा आहार नाही. पण आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना जगायला चोथा लागतो, आणि तो तऱ्हेतऱ्हेचा लागतो. दिवसाला साधारण ३० ग्रॅम हे भारतीय आहारतज्ज्ञांचं उद्दिष्ट आहे. पांढरा भात, मैद्याचा पाव, बिस्किटं यांतून ते गाठता येत नाही.

आणि इथे नाशिककरांचं नशीब चांगलं आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी, पेठ, सुरगाणा पट्ट्यात पिकणारी नागली. पूर्वेकडच्या तालुक्यांतली बाजरी. मोड आलेली मटकी, हुलगे, हरभरा. हिवाळ्यात मेथी आणि पातीचा कांदा. कांद्यात फ्रुक्टन नावाचे तंतू असतात, जे आपल्याला पचत नाहीत पण जिवाणू आवडीने खातात. लासलगावच्या बाजारातून जगभर जाणारा कांदा आपल्या पानात रोज असतो, त्यासाठी परदेशी प्रीबायोटिक पावडर मागवायची गरज नाही. द्राक्षं खा, सालासकट आणि नीट धुऊन. रस काढून गाळला तर चोथा गेला.

मिसळीबद्दल सगळेच विचारतात. मटकीची उसळ उत्तम आहे. तर्री, शेव आणि दोन पाव हा अडचणीचा भाग. घरी उसळ जास्त, तर्री कमी, वर कच्चा कांदा आणि पावाऐवजी भाकरी असं करता येतं. आमच्याकडे रविवारी तसंच होतं आणि वहिनी तृप्त होऊन उठते.

मिठाचा मुद्दा वेगळा. २०१७ च्या एका अभ्यासात जास्त मिठाने उंदरांच्या आतड्यातले लॅक्टोबॅसिलस घटले आणि टीएच-१७ पेशी वाढल्या. बारा निरोगी पुरुषांना दोन आठवडे रोज सहा ग्रॅम जादा मीठ दिल्यावर तसाच कल दिसला. मात्र एमएस रुग्णांवरच्या मोठ्या निरीक्षणांत मिठाने आजार वाढल्याचं दिसलं नाही. तरी पापड, लोणचं, फरसाण आवरलेलं बरं, कारण एमएससोबत रक्तदाब वाढलेला असला की आजाराची वाटचाल बिघडते.

एक सूचना: चोथा एकदम वाढवू नका. गॅस आणि पोटफुगी होते, माणूस वैतागतो आणि आठवड्यात सगळं सोडतो. दर काही दिवसांनी एक पदार्थ बदला.

उपवास केल्याने फायदा होतो का?

उंदरांमध्ये अधूनमधून उपवास केल्यावर जिवाणूंची विविधता वाढली आणि आजार सौम्य झाला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. आपला एकादशीचा उपवास ही तर निराळीच गोष्ट, त्यात साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वेफर्स येतात. श्रद्धा असेल तर करा, पण भगर, राजगिरा, फळं आणि भरपूर पाणी घ्या. औषधाची वेळ चुकवू नका. डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध उपाशीपोटी घेतलं तर पोटात जास्त दुखतं.

बद्धकोष्ठतेने हैराण झालोय. कुणाशी बोलायलाही लाज वाटते.

लाज सोडा. एमएसमध्ये ही तक्रार फार सामान्य आहे आणि तिच्यावर उपाय आहेत.

बहुतेकदा सुरुवात लघवीपासून होते. घाई होते, वेळेत पोहोचता येत नाही, म्हणून माणूस पाणी पिणंच कमी करतो. एसटीने प्रवास असेल तर सकाळपासून घोटही घेत नाही. मग मळ घट्ट होतो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि लघवीची घाई आणखी वाढते. हे चक्र पाणी वाढवूनच तुटतं. लघवीच्या तक्रारीवर वेगळं औषध असतं, ते डॉक्टरांकडे मागा. त्यासाठी तहान मारू नका.

सकाळी चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, ती वेळ शौचासाठी राखून ठेवा. कमोडवर बसत असाल तर पायाखाली बुटकं स्टूल घ्या. इसबगोल चालतं, पण मोठा ग्लासभर पाण्यासोबत, नाहीतर उलट गच्च होतं. इसबगोल आणि पाणी पुरत नसेल तर लॅक्टुलोजसारखी औषधं डॉक्टर देतात. रस्त्याकडेच्या जाहिरातीतली पोट साफ करणारी चूर्णं रोज घेऊ नका, त्यांतल्या सोनामुखीची सवय लागते. आणि मळावर अचानक ताबा राहिला नाही, किंवा जननेंद्रियाभोवती बधिरता आली, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना कळवा.

जुलाब आणि ताप आला की पाय पुन्हा लटपटतात. हा नवा अटॅक का?

नेहमीच नाही. शरीराचं तापमान वाढलं की जुन्या डागांवरून संदेश नीट जात नाहीत आणि जुनी लक्षणं वर येतात. एप्रिल-मेच्या उन्हातही हेच होतं. ताप उतरल्यावर, थंड जागी विसावल्यावर ती ओसरतात. लक्षण नवं असेल किंवा २४ तासांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. अटॅकवर स्टेरॉइड देण्याआधी संसर्ग आहे का हे पाहिलं जातं.

विष्ठेची मायक्रोबायोम (जिवाणूंच्या वस्तीची) तपासणी करून घ्यावी का?

नको. काही हजार रुपये जातात, रंगीत अहवाल येतो, आणि तो पाहून तुमच्या उपचारात कोणताही बदल करता येत नाही. तीच रक्कम एमआरआयसाठी किंवा फिजिओथेरपीसाठी ठेवा.

निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडतात म्हणे?

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या आतड्यातल्या हट्टी संसर्गावर ही पद्धत मान्य आहे. एमएससाठी ती फक्त प्रयोगांपुरती आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता: दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जिवाणू जाऊन दोन रुग्णांना गंभीर संसर्ग झाला आणि त्यातला एक दगावला. घरी करण्याचा विचारही नको.

"आतडं शुद्ध करा, इंजेक्शन बंद करा" असं एकांनी सांगितलंय. सहा महिने करून पाहू का?

कृपा करून नको. एमएस दोन अटॅकच्या मधल्या काळात शांत वाटतो. त्या शांततेत कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. मेंदूत मात्र लक्षणं न देता नवे डाग पडत असू शकतात, आणि गेलेलं सगळं परत येत नाही. काही औषधं अचानक थांबवल्यास, विशेषतः फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब, आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. आमच्या ओळखीतल्या एका तरुण मुलीने असंच औषध सोडलं. आज ती काठी घेऊन चालते. चांगलं जेवा, योगासनं करा, पंचकर्माबद्दलही तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी मोकळेपणाने बोला, पण चालू औषधाची जागा यातलं काहीच घेत नाही.

अँटिबायोटिकने चांगले जिवाणू मरतात. मग घ्यावं की नाही?

मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग असेल तर घ्यावंच, संसर्ग अंगावर काढणं एमएसमध्ये महागात पडतं. सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं घेऊ नये.

एका ताटात जेवल्याने मुलांना होईल का?

नाही. एमएस संसर्गजन्य नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांचा धोका थोडा वाढतो, पण पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसारही तो २ ते ३ टक्क्यांच्या आसपासच असतो. मुलांना जवळ घ्या, भरवा.

नाशिकमध्ये राहून मदत कुठून मिळेल?

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबई आणि पुण्यात त्यांच्या शाखा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्पष्ट समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सवलती लागू होतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. जाताना निदानाचे कागद आणि सगळे एमआरआय न्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांना पोटाबद्दल काय सांगू?

तपासणीच्या खोलीत वेळ कमी असतो आणि पोटाचा विषय शेवटी राहून जातो, म्हणून दोन आठवडे वहीत लिहा: शौच कधी झालं, कसं होतं, पाणी किती प्यायलात, लघवीला रात्री किती वेळा उठलात, कोणत्या औषधानंतर मळमळ किंवा जुलाब झाले. घेत असलेली चूर्णं, काढे, कॅप्सूल यांचे रिकामे डबे पिशवीत घालून न्या. नावं सांगताना अर्धी विसरली जातात, डब्यावर सगळी छापलेली असतात.